यंत्रसहवास : प्रस्तावना

संगणक आणि भ्रमणध्वनी यांविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले त्यातील बरेचसे लेखन एक तर यंत्र कसे चालवावे हे शिकवणारे आहे, नाही तर या यंत्रांमुळे मनुष्यजातीचे कल्याण होणार की सत्यानाश, या वादात एका पक्षाची साक्ष देणारे आहे. परंतु ज्या माणसाने निव्वळ आवडीपोटी, पदरचे पैसे मोडून आणि घरच्यांची बोलणी खाऊन ही यंत्रे घरात आणली, त्यांची झाकणे उघडली, धूळ झाडली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या निरोपांपासून दाखल्यांपर्यंतची कामे त्यांवर उरकून दिली, त्या हौशी माणसाच्या रोजच्या अनुभवाची रुजवात फारशी कोणी घातलेली नाही. पुढील लेख ही उणीव संपूर्णपणे भरून काढतील अशी प्रौढी मिरवण्याचा प्रस्तुत लेखकाचा इरादा नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत ही यंत्रे कशी आली, कशी नांदली आणि त्यांनी कोणाची कोणती कामे केली, एवढ्याच मर्यादित मुलुखाचा हा जमाखर्च आहे.

मुंबईच्या इतक्या निकट राहून मुंबईपासून इतके दूर असलेले तालुके महाराष्ट्रात विरळाच म्हणावे लागतील. १८९२ साली पुऱ्या झालेल्या तानसा धरणापासून पुढे भातसापर्यंत शहापूर तालुक्यातील जलाशयांनी मुंबईची तहान भागवली, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागत राहिल्या. पाण्याच्या बाबतीत जो न्याय तोच विजेच्या आणि पुढे मोबाइलच्या रेंजच्या बाबतीतही लागू झाला. आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग यांच्या कडेने वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही गावे यथाकाल जोडली गेली; पण महामार्ग सोडून डोळखांब-किन्हवलीकडे वळणाऱ्याला, किंवा ज्या मुरबाडला रेल्वेच नाही तेथून टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याकडे निघालेल्याला, हातातील यंत्राच्या पडद्यावरच्या दांड्या एकेक करून मावळताना पाहाव्या लागत, आणि काही वळणांवर आजही पाहाव्या लागतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या भागातील हौशी मनुष्य संगणक आणावयास निघे तो मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. तयार, नाममुद्रांकित यंत्र घेण्याची ऐपत थोड्यांची. बहुतेकांचा संगणक 'असेंबल्ड' असे, म्हणजे मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून आणि कॅबिनेट तिसऱ्यातून असा जमवलेला, आणि त्याची हमी दुकानदाराच्या तोंडच्या शब्दाइतकीच टिकाऊ. मॉनिटर म्हणजे त्या काळी पुढून पंधरा इंच आणि मागून हात-दीड हात पसरलेले अवजड काचेचे पोट. ते खोके मांडीवर घेऊन कसारा लोकलच्या मालडब्यात दुधाच्या रिकाम्या किटल्या आणि भाजीच्या पाट्या यांच्यामध्ये बसून येताना 'टीव्ही घेतला काय?' या प्रश्नाला कल्याणपर्यंत होकार देत जावे आणि कल्याणनंतर, डब्यात ओळखीची माणसे दिसू लागली की, संगणक म्हणजे काय हे आसनगाव येईतो समजावत बसावे, असा सर्वसाधारण शिरस्ता होता. घरी पोचल्यावर त्या यंत्राला हळदकुंकू लागे, नारळ फुटे, आणि विंडोज ९८ चे निळे आकाश उजळले की ओटीवर जमलेल्या मंडळींत क्षणभर कोणी बोलत नसे. नंतर कोणी तरी विचारी, 'याच्यावर निकाल दिसतो का?'

त्या प्रश्नात पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज होते. पाश्चात्त्य देशांत हे यंत्र एका माणसाने एका मेजावर एकट्याने वापरावयाचे म्हणून निर्माण झाले. आमच्याकडे ते एकाच्या मालकीचे असले तरी एकाच्या वापरात क्वचितच राहिले. दहावीचा निकाल लागण्याच्या दिवशी अर्धी आळी त्याच्यापुढे उभी. एरवीही नोकरीच्या अर्जाचा मसुदा, बचत गटाचा ताळेबंद, ग्रामपंचायतीचे लेटरहेड, अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका आणि तीत कीर्तनकारांचा क्रम ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे लावण्याचे महाकठीण काम, हे सगळे त्या एका यंत्रावर आणि त्याच्या मालकाच्या माथी येई. पूर्वी गावात पत्र वाचून दाखवणारा आणि कचेरीबाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहून देणारा अर्जनवीस जे काम करी, तेच काम या हौशी माणसाकडे विनावेतन चालत आले. फरक इतकाच की अर्जनवीसाला चार आणे मिळत; याला चहा मिळे, आणि बिघाड झाला तर दोषही. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या ग्रामीण भागातील संगणकाचा खरा इतिहास कारखान्यांच्या आणि दुकानांच्या वह्यांत सापडणार नाही. तो या फुकट राबणाऱ्या मध्यस्थांच्या ओटीवर घडला, आणि म्हणूनच तो लिहिला गेला नाही.

यंत्राची प्रकृती सांभाळणे हा या मध्यस्थाचा दुसरा धर्म. २००५ च्या सुमारास राज्यात भारनियमनाने जे उग्र रूप धारण केले त्या काळात वीज कोणत्या वेळी जाणार याचे वेळापत्रक ज्ञात असे, आणि ती त्या वेळी जाईच. परंतु वेळापत्रकाबाहेरही ती जाई, आणि यूपीएसने केकाटायला प्रारंभ केला की दहा-पंधरा मिनिटांत काम आवरून यंत्र रीतसर बंद करावे लागे. दर दोन ओळींनंतर कंट्रोल आणि एस ही दोन बटणे दाबण्याची जी सवय या पिढीच्या बोटांना जडली ती अखंड विजेच्या प्रदेशातील माणसाला वेडेपणाची वाटेल. वैशाखाअखेरचा वळीव आणि परतीचा पाऊस यांत ढग गडगडू लागले की आधी टेलिफोनची तार मोडेममधून उपटावी आणि मग दारातले वाळवण उचलावे, हा घरोघरचा क्रम. कारण तारेतून आलेल्या विजेने मोडेम जळाला की बोर्डही बरोबर घेऊन जाई.

आणि मग पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याचा चार महिन्यांचा पाऊस लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याही दुकानदाराने हिशेबात धरलेला नसतो. सीडीवर बुरशीची जाळी चढते, कीबोर्डाखाली मुंग्या अंडी ठेवतात, कॅबिनेटच्या उबेला पाल येऊन राहते, आणि एखाद्या दमट सकाळी यंत्र सुरू करावे तो पडदा काळाच राहून आतून फक्त लांबलचक 'बीप' ऐकू येते. अशा वेळी शहरातून तज्ज्ञ बोलावण्याची गरज नसते. कॅबिनेटची बाजू काढावी, रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर लोटाव्या, पट्टी अलगद उपसून घ्यावी, तिच्या खालच्या कडेला जे सोनेरी दात असतात त्यांच्यावर चढलेला काळसर थर मुलांच्या कंपासपेटीतील खोडरबराने एकाच दिशेने हलके घासून काढावा, रबराचा भुगा फुंकून टाकावा, आणि दोन्ही खिट्ट्या आपसूक 'टक' म्हणून बसतील इतक्या जोराने पट्टी पुन्हा दाबावी. दहांतील सात-आठ यंत्रे एवढ्यावर उठून बसतात. एका नामांकित सेवाकेंद्राने याच दुखण्यावर आमच्या एका स्नेह्याला संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता, त्याची हकीकत पुढे स्वतंत्र लेखात आली आहे.

याहूनही बिकट प्रश्न होता तो लिपीचा. मराठी टंकलेखनाची मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेला कारकून संगणकापुढे बसला की त्याची बोटे टाइपरायटरच्या जागा शोधीत. म्हणून दुकानदार त्याला तोच कळफलक असलेली सॉफ्टवेअरे देत. पुण्याच्या सीडॅकचे 'आयएसएम', पुण्याचीच 'श्रीलिपी', शिवाय 'आकृती', अशा अनेक व्यवस्था एकाच काळात नांदत होत्या, आणि त्यांतील प्रत्येकीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी होती. मुरबाडला एका फाँटात जुळवलेला मजकूर फ्लॉपीवर घालून छपाईसाठी कल्याणला न्यावा, आणि तेथील यंत्रावर तो उघडताच पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा पसरावा, हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा त्या काळचा डीटीपीवाला दाखवणे कठीण. सोबत फाँटही न्यावा तर तो दीड एमबीच्या फ्लॉपीत मावे, पण फ्लॉपीच वाटेत दगा देई. विंडोज २००० आणि एक्सपी यांच्याबरोबर युनिकोड आले, आणि त्यांच्याबरोबर आला 'मंगल' हा फाँट, ज्याची अक्षरे कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटली होती. जगभर कोट्यवधी पडद्यांवर देवनागरी या मराठी माणसाच्या वळणाने उमटली, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांना ठाऊक असावयास हवी होती. तरीही मराठीपुरते काही काटे उरलेच: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्ध्या 'र'ची ती आडवी लहर कोणत्या बटणांनी उमटवावी हे नेमके न कळल्याने कित्येक सरकारी परिपत्रकांत 'दुसर्‍या'चा 'दुसर्या' होऊन तो वर्षानुवर्षे तसाच फिरत राहिला.

२००२ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरदारांना ते प्रमाणपत्र सक्तीचे झाल्यावर निवृत्तीकडे झुकलेले ग्रामसेवक आणि नुकतीच बारावी झालेल्या आदिवासी मुली एकाच बाकावर बसून माउस धरावयास शिकू लागल्या. यात मुली पुढे गेल्या, हे सांगावयास नको.

भ्रमणध्वनीचे आगमन याच्या समांतर, परंतु अगदी वेगळ्या चालीने झाले. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल संवाद झाला तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे मोजावे लागत; १ मे २००३ पासून येणारे फोन मोफत झाले आणि त्या एका हुकुमाने गवळी, वीटभट्टीचा मुकादम आणि जीपवाला यांच्या खिशात यंत्र आले. बोलण्याचे पैसे वाचवण्यासाठी मिस्ड कॉलची एक संपूर्ण भाषा सिद्ध झाली: एक घंटी म्हणजे जीप सरळगावहून सुटली, दोन म्हणजे आज येत नाही. त्याच वर्षी निघालेला नोकिया ११०० हा संच या भागात का टिकला याचे कारण त्याच्या माथ्यावरच्या विजेरीत आहे. भारनियमनाच्या रात्री गोठ्यापर्यंत जाणाऱ्याला ध्वनीपेक्षा प्रकाशाची निकड अधिक होती. पुढे मेमरी कार्ड आले आणि बाजारपेठेत 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. पाच-दहा रुपयांत भजने, कोळीगीते आणि चित्रपटगीते एकाच कार्डात भरून देणाऱ्या त्या टपरीवाल्याने या तालुक्यांची संगीताभिरुची जितकी घडवली तितकी आकाशवाणीनेही घडवली नसेल. कायदा त्याच्या बाजूने नव्हता, हे खरेच.

रेंज ही मात्र स्थळवाचक वस्तू राहिली. गावागावांत एक टेकाड, एक वड, एक घराची गच्ची अशी असे की तेथेच 'रेंज येते'. लग्ने त्या टेकाडावर ठरली, मृत्यूच्या वार्ता तेथेच कळल्या. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेल्या तेव्हा वह्या घेऊन मुलेही त्याच टेकाडांवर गेली. ज्यांच्या घरी संचच नव्हता त्यांच्यासाठी पाड्यावर चालत जाणारे शिक्षक हीच ऑनलाइन शाळा होती. वस्तुतः शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने त्याच्या कितीतरी आधी डिजिटल वर्ग उभा करून दाखवला होता, आणि राज्यभरच्या शिक्षकांनी तो येऊन पाहिला होता. पण एक शाळा उजळून निघाली म्हणजे तालुका उजळतो असे नाही.

आता २०१६ या वर्षाविषयी सविस्तर लिहावयास हवे, कारण आमच्या या विषयातील सर्व गुंतागुंत त्या एका वर्षात आणि एका मुरबाड तालुक्यात एकवटली आहे. ८ मार्च रोजी फांगणे या लहानशा गावात योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा भरली. साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी साड्या नेसून, खांद्याला दप्तर लावून अक्षरे गिरवू लागल्या. अंगठा उठवण्याची लाज जाऊन स्वतःची सही करता यावी, ही त्यांची साधी इच्छा. सप्टेंबरात जिओचे स्वस्त इंटरनेट आले आणि जे तरुण दहा रुपयांचे रिचार्ज पुरवून पुरवून वापरीत ते रात्ररात्र चलच्चित्रे पाहू लागले. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि १ डिसेंबर रोजी त्याच तालुक्यातील धसई हे बाजाराचे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, बँक ऑफ बडोदाची स्वाइप यंत्रे दुकानांत मांडली गेली, वडापाववाल्यासमोर कॅमेरे लागले.

समारंभ उत्तम झाला. परंतु आठवड्याच्या बाजाराला डोंगरावरून उतरणाऱ्या माणसाकडे कार्ड नव्हते, कार्ड होते त्याला चार आकडे आठवत नव्हते, आणि दोन्ही होते तेव्हा रेंज नव्हती. वर्ष फिरण्याच्या आत व्यवहार पुष्कळसा रोखीवर परतल्याची वृत्ते छापून आली आणि टीकाकारांना हसण्याची सोय झाली. त्यांचे हसणे मला तेव्हाही अपुरे वाटत होते. कारण जे समारंभाने साधले नाही ते पुढे काही वर्षांत एका छापील चौकटीने, कोणताही मंत्री न येता, गुपचूप साधले. आज म्हशाच्या जत्रेत घोंगडीवाला आणि खाजेवाला दोघेही पुठ्ठ्यावर चिकटवलेला 'स्कॅनर' पुढे करतात, गिऱ्हाईक 'फोन पे करतो' म्हणते, आणि पेटीतून रुपयांचा पुकारा झाल्यावाचून पुडी हातात पडत नाही. स्वाइप यंत्र बँकेने दुकानदारावर घातले होते. मोबाइल गिऱ्हाइकाने स्वतःच्या हौसेने आधीच घेतलेला होता. तंत्रज्ञान खेड्यात रुजते ते योजनेने की हौसेने, या प्रश्नाचे धसईच्या बाजारपेठेने दिलेले उत्तर मला निर्णायक वाटते.

आणि अंगठा? ज्या अंगठ्यापासून सुटका व्हावी म्हणून आजीबाई शाळेत गेल्या, तो अंगठा त्याच सुमारास रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राने पुन्हा मागितला. भातलावणीत, राखेने भांडी घासण्यात आणि मोळ्या वाहण्यात जिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत अशा बाईचा 'अंगठा येत नाही' हे वाक्य महिन्याच्या महिन्याला ऐकू येते. मग ओल्या फडक्याने बोट पुसावे, खोबरेल लावावे, दुसरे बोट ठेवून पाहावे. त्यानेही भागले नाही तर ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा भिवंडीच्या गोदामात पाळीवर असतो. तिला आता सही येते. पण यंत्राला सही वाचता येत नाही. साक्षरतेची आणि यंत्राची वाट एकच आहे असे ज्यांनी गृहीत धरले त्यांनी एकदा रेशनच्या रांगेत उभे राहावे.

महसुली दप्तराची कथा याहून सुखाची आहे. सातबाऱ्याच्या नकलेसाठी तलाठ्याच्या सज्जावर घालावे लागणारे हेलपाटे पुष्कळ कमी झाले; डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो, फेरफाराची नोंद कोठे अडली ते दिसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत तर शेतकऱ्याने स्वतःच बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि गाव नमुना बाराची नोंद स्वतःच्या हाताने करावी अशी योजना आहे. शेत डोंगराच्या कुशीत असेल तर छायाचित्र घ्यावे शेतात आणि पाठवावे टेकाडावरून. वरकस जमिनीत नागली-वरी करणाऱ्या म्हाताऱ्यांचे हे काम कोण करून देतो, हे वाचकाने आता ओळखले असेलच.

या संग्रहात नव्या यंत्रांची तुलना, खरेदीचा सल्ला किंवा भविष्यकथन यांतील काहीही नाही. अशा लेखनाचे आयुष्य एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंतचे असते. दुरुस्तीच्या टपऱ्या, चार्जिंगच्या पिना, फुगलेल्या बॅटऱ्या, फॉरमॅट मारताना हरवलेले लग्नाचे फोटो, अशा क्षुद्र वाटणाऱ्या विषयांना मात्र भरपूर पाने दिली आहेत, आणि त्याबद्दल दिलगिरी नाही.

एक विनंती करून थांबतो. आपल्या घरी, छापखान्यात, विविध कार्यकारी सोसायटीच्या किंवा देवस्थानच्या कपाटात १९९५ ते २००८ या काळातील जुना संगणक, फ्लॉप्या किंवा सीड्या पडून असतील तर त्या भंगारात घालू नका. गावोगावच्या स्मरणिका, वंशावळी, सप्ताहांच्या पत्रिका, जात्यावरच्या ओव्यांचे कोणी हौसेने टंकून ठेवलेले संग्रह त्यांत जुन्या फाँटांत अडकलेले आहेत, आणि ते वाचू शकणारी यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. मजकूर युनिकोडमध्ये उतरवून देणारी साधने अजून उपलब्ध आहेत. आधी फाइलची एक नक्कल करून घ्या, तिच्यासोबत मूळ फाँटही जपून ठेवा, आणि त्या फाँटचे नाव कागदावर लिहून सीडीच्या पाकिटात घाला.